बेचाळीस नंबरची मागची बाजू

ओल्सेन फर्निचरचा इतिहास स्नेहाने चौथ्यांदा लिहून पाठवला आणि चौथ्यांदा तो परत आला. या वेळी समर्थ खैरनारांनी खाली लाल रंगात एकच ओळ लिहिली होती : ‘छान आहे, पण फील येत नाही.’

फील म्हणजे काय, हे स्नेहाला एव्हाना कळून चुकलं होतं. असलेलं थोडं काढायचं आणि नसलेलं थोडं घालायचं, की फील येतो.

असलेलं होतं ते असं. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात जयराम खैरनार नावाचे एक सुतार होते. सदुसष्ट साली दुधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला डेन्मार्कहून ओल्सेन नावाचा इंजिनिअर नाशिकला आला. त्याची पाठ दुखायची, सरकारी खुर्चीत त्याला बसवेना, म्हणून कोणीतरी जयरामना बोलावलं. साहेबाने बॅगेतून आपल्या गावच्या फर्निचर दुकानाचा कॅटलॉग काढला आणि एका खुर्चीच्या फोटोवर बोट ठेवलं. जयरामनी नऊ दिवसांत ती खुर्ची बनवली. साहेब वर्षभर तिच्यावर बसला, आणि परत जाताना खुर्ची घेऊन गेला, कॅटलॉग ठेवून गेला. जयरामनी नोकरी सोडली, पंचवटीत एक गाळा भाड्याने घेतला आणि पाटी लावली : ‘ओल्सेन फर्निचर’. त्या एका कॅटलॉगवर तीन पिढ्या जगल्या. आता कारखाना पेठ रोडला होता, शोरूम कॅनडा कॉर्नरला होती, आणि नव्या फ्लॅटांमुळे बारीक पायांच्या खुर्च्यांना पुन्हा चांगले दिवस आले होते.

इतकी चांगली गोष्ट आयती हातात असताना माणसाला आणखी काय हवं, हे स्नेहाला समजत नव्हतं. तिने इतिहासात एम. ए. केलं होतं. अंजू व्हायच्या आधी ती तासिकेवर कॉलेजात शिकवायची. आता अंजू सतरा महिन्यांची होती, आणि ती झोपली की त्या दीड तासात स्नेहा लोकांच्या वेबसाइटसाठी लिहायची.

“आजोबा डेन्मार्कला शिकून आले, असं टाकता येईल का?” समर्थसरांनी फोनवर विचारलं.

“सर, ते भुसावळच्या पुढे गेले नव्हते. तुम्हीच सांगितलंत.”

“हो, पण मनाने तर गेलेच होते ना. आणि ओल्सेनसाहेबांना पार्टनर दाखवू. नाहीतरी नाव पाटीवर आहेच त्यांचं.” मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, “मॅडम, तुम्ही एकदा कारखान्यात जाऊन फकिराबाबांना भेटा. आजोबांच्या हाताखालचा शेवटचा माणूस. आणि बेचाळीस नंबर बघा. दसऱ्याला आपण तोच परत आणतोय. हरवलेला क्लासिक. त्यातून तुम्हाला फील मिळेल.”

*

स्नेहा अंजूला कडेवर घेऊन पेठ रोडला गेली. आत पाऊल टाकताच तिच्या डोळ्यांनी नेहमीचं काम सुरू केलं : कटर कुठे, उघडी वायर कुठे, खिळ्यांचा डबा किती उंचीवर. भूषण, तिचा नवरा, म्हणायचा, तू कुठेही गेलीस की आधी पंचनामा करतेस. करत होती खरी. अंजू चालायला लागल्यापासून जगातल्या सगळ्या टोकदार वस्तू तिच्या उंचीवर आल्या होत्या, त्याला स्नेहा काय करणार.

फकिराबाबा सत्तरीच्या पुढचे. कानामागे पेन्सिल, अंगात बंडी. त्यांनी भुसा झटकून एक स्टूल पुढे केलं आणि अंजूच्या हातात गुळगुळीत घासलेला लाकडाचा ठोकळा दिला.

“मालकानं धाडलंय व्हय? काय इचारायचं ते इचारा ताई. पोथी बघायचीय का?”

पोथी म्हणजे तो कॅटलॉग. जयराममिस्त्रींनी त्याला लाल कापडात बांधून ठेवलं होतं आणि कारखान्यात सगळे त्याला पोथीच म्हणत. पानं पिवळी पडली होती. प्रत्येक पानावर एक वस्तू, एक फोटो, कोपऱ्यात नंबर. तो नंबरच त्या वस्तूचं नाव. सात नंबरची खुर्ची, एकोणीस नंबरचं टेबल. स्नेहाने पानं उलटली. एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस आलं. मधलं पान ब्लेडने नीट कापलेलं होतं.

“बेचाळीस कुठंय बाबा?”

फकिराबाबांनी ऐकलंच नाही असं केलं. “आम्हाला वाचता येत नव्हतं ह्यातलं अक्षर,” ते म्हणाले. “मापं बी त्यांची. मिस्त्री भिंगानं फोटो बघायचे, बोटानं मोजायचे. पण लोचा असा, की फोटो सगळे समोरून काढल्याले. माणूस खुर्चीचा फोटो पाठीमागून काढील कशाला? मग मागची बाजू आम्ही आमच्या डोक्यानं बनवायचो. कपाटाला मागून प्लाय ठोकला, की झालं.”

हे स्नेहाला फार आवडलं. तिने वहीत लिहून घेतलं. तीन पिढ्या, हजारो वस्तू, आणि एकाही वस्तूची पाठ कोणी पाहिलेली नाही.

बेचाळीस नंबर कोपऱ्यात उभा होता. माळ्यावरून काढलेला जुना नमुना आणि त्याच्यावरून बनवलेले बारा नवे. सहा खणांचं उंच, अरुंद कपाट. खाली चार बारीक, निमुळते होत गेलेले पाय. देखणं होतं. बारीक पायांवर एवढा डोलारा तोलून धरलेला, त्यामुळेच देखणं होतं, आणि नेमकं तेच बघून स्नेहाने अंजूला जवळ ओढलं.

ओल्सेनच्या कारखान्यात एक पद्धत होती. वस्तू पूर्ण झाली की मिस्त्री खणाच्या तळाला, खालच्या बाजूने, पेन्सिलीने आपलं नाव, तारीख आणि ती कुठल्या गावाला चालली ते लिहायचा. फकिराबाबांनी जुन्या नमुन्याचा वरचा खण ओढून उलटा केला आणि अभिमानाने दाखवला. ‘फकिरा. ९-११-८८. सिन्नर.’ स्नेहाने फोटो काढला. मग सवयीने पुढचाही खण उलटा केला. तिथे दुसरं अक्षर होतं, दाबून लिहिलेलं, पेन्सिलीचं टोक मोडेल इतकं.

‘परत आलं. १७-४-९१. हे आता बनवायचं नाही. जयराम.’

“बाबा, हे काय?”

“जुनं हाय ते.”

“परत का आलं?”

म्हाताऱ्याने अंजूकडे पाहिलं. ती ठोकळा चावत होती. “मास्तरचं घर होतं,” तो हळूच म्हणाला. “त्यांची पोरगी ह्या बारक्या ताईपेक्षा थोडी मोठी. तिनं खण उघडले आन् पायरीवानी वर चढली. कपाट अंगावर आलं. जिवंत ऱ्हायली. पण उजवा हात कोपरापासून गेला तो गेला. मिस्त्री सिन्नरला गेले, पाय धरले त्यांचे. कपाट घिऊन आले. आल्याबरोबर पान कापलं पोथीतलं आन् चुलीत टाकलं. कपाट बी मोडत होते, मीच म्हणलं ऱ्हाऊ द्या, सागवान हाय. ते वर माळ्यावर ऱ्हायलं.” थोडं थांबून म्हणाला, “तेवढं माझं चुकलं.”

“समर्थसरांना माहीत आहे हे?”

“सांगितलं ना. म्हणले, बाबा, तवाचं सोडा, आता चॅनेल हायेत.”

स्नेहाने नव्या कपाटाचा खालचा खण एका बोटाने ओढला. तो चॅनेलच्या चाकांवरून आवाज न करता, लोण्यातून निघाल्यासारखा, पूर्ण बाहेर आला. जुना खण ओढायला मोठ्या माणसालाही जोर लावावा लागायचा. हा अंजूलाही उघडता आला असता. म्हणजे चॅनेलमुळे उलट वाईटच झालं होतं.

*

त्या दुपारी अंजू झोपल्यावर स्नेहाने इतिहास बाजूला ठेवला आणि ती जुन्या डॅनिश सामानाच्या लिलावांच्या साइट शोधायला लागली. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी सापडलं. तेच सहा खण, तेच पाय. विकणाऱ्याने पाच फोटो टाकले होते आणि पाचवा मागून काढलेला होता, लाकूड कुठे खराब नाही हे दाखवायला. मागच्या बाजूला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन पितळी पट्ट्या होत्या, प्रत्येकीला एक भोक. खाली माहिती होती, तिचं भाषांतर करून घेतलं : भिंतीला लावायच्या मूळ पट्ट्यांसह.

कपाट भिंतीला अडकवायचं होतं. मुळातच. ज्याने ते बनवलं त्याला ठाऊक होतं, की हे असं बारीक पायांवर एकटं उभं राहणार नाही. फक्त फोटो समोरून काढला होता.

ती तडक कॅनडा कॉर्नरला गेली. शोरूमच्या मोठ्या भिंतीवर ‘आमचा प्रवास’ असं लिहून ठेवलं होतं आणि खाली तारखांच्या जागा रिकाम्या होत्या. समर्थसरांनी फोटो मोठा करून पाहिला, सिन्नरचं ऐकलं. ऐकून घेतलं, हे खरं. माणूस वाईट नव्हता; त्यांचा चेहरा उतरला होता.

“वाईट झालं. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होतो. पण मॅडम, आता आपण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या भिंतीला भोकं पाडायला जायचं? माझं निम्मं गिऱ्हाईक भाड्याच्या घरात राहतं. ड्रिलचं नाव काढलं की ते म्हणतात, नको, विचार करून सांगतो. विचार केला की संपलंच.”

“मग निदान पट्ट्या तरी द्या बरोबर. आणि इतिहासात लिहा, की आजोबांनी हे का थांबवलं. सर, तीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे तुमच्याकडे. चूक कळली, तर पान फाडून टाकणारा माणूस.”

“दसऱ्याच्या पुस्तिकेत अपघात?” ते हसले, पण कंटाळून. “मी इतिहास लिहायला सांगितलाय, पंचनामा नाही.”

तो शब्द दुसऱ्यांदा कानावर आला आणि स्नेहाला वाटलं, हे सगळे पुरुष रात्री बसून आपल्यासाठी शब्द ठरवतात की काय.

“तुम्हाला लहान बाळ आहे, त्यामुळे तुम्हाला सगळीकडे पडझड दिसते,” समर्थसर म्हणाले. “माझ्या मिसेसचंही असंच होतं. एक काम करतो. बारांतला पहिला पीस तुमच्या घरी पाठवतो, अंजलीसाठी, माझ्याकडून भेट. वापरून बघा. भीती जाईल.”

“नको सर.”

“नको काय. हा मेसेज केला, निघाला पण टेम्पो.”

*

टेम्पो खरंच निघाला होता. स्नेहा जेलरोडच्या घरी पोचली तेव्हा बेचाळीस नंबर बेडरूममध्ये उभा होता आणि सासूबाई, धोंडाबाई, पदराने त्याच्यावरची धूळ पुसत होत्या.

“किती गुणाचा मालक आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “नातीला सागवानी कपाट. आमच्या लग्नात पत्र्याची पेटी होती, तिचं पण कुलूप चालत नव्हतं.”

स्नेहाने सगळं सांगितलं. सिन्नर, पान, पट्ट्या. धोंडाबाईंनी ऐकलं आणि एका हाताने कपाट हलवून पाहिलं. ते हललं नाही. “दगडावाणी आहे की. तू उगीच.”

भूषण मनमाडला रेल्वेत होता, सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळच्या गाडीने यायचा. त्याने डबा पुसता पुसता ऐकलं. “भिंतीला लावायचं म्हणतेस, पण करारात काय लिहिलंय? एकही खिळा नाही. घरमालक डिपॉझिट कापतो की नाही बघ.”

घरमालक वरच्याच मजल्यावर राहायचे आणि खाली हातोड्याचा आवाज झाला की चपला घालून हजर व्हायचे. या घरात एकच खिळा होता, हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोचा. तोही धोंडाबाईंनी पहिल्याच दिवशी मालकांशी पाऊण तास भांडून मिळवलेला. फोटो टेबलावर टेकवून ठेवा, असं म्हणाले होते ते. त्यावर त्या काय बोलल्या ते कोणाला नीट माहीत नाही, पण खिळा मालकांनी स्वतः आणून दिला होता.

“मग ते परत पाठव,” स्नेहा म्हणाली.

“भेट परत करतात का? आणि तुझं काम जाईल ते वेगळंच.” भूषणने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “लक्ष ठेवू ना आपण.”

लक्ष ठेवू. स्नेहाला त्या दोन शब्दांचा मनस्वी संताप आला. आपण म्हणजे कोण? तो सकाळी सातला जायचा. आईंचा डोळा दुपारी लागायचा. तिच्याशिवाय लक्ष ठेवणारं होतं कोण? ती पोळ्या करताना दाराकडे बघून करत होती, आंघोळ करताना नळ बंद करून कान लावत होती. सतरा महिने तिने दुसरं काही केलंच नव्हतं. आणि त्या सगळ्याला लोक तिचा स्वभाव म्हणत होते, काम म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर असताना तिने सगळा जोर लावून कपाट फिरवलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. खणच उघडता येणार नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला. खोलीत आल्या आल्या समोर कोरा प्लाय दिसायचा. धोंडाबाईंनी ते पाहिलं आणि प्लायवर बोटाने टकटक केलं.

“शाळेत पोराला शिक्षा करतात तसं उभं केलंस की त्याला,” मग म्हणाल्या. “मावशी येणार आहे रविवारी. तिला काय, प्लाय दाखवायचा?”

संध्याकाळी शेजारच्या दोघांना बोलावून त्यांनी कपाट सरळ करून घेतलं आणि खालच्या दोन खणांमध्ये अंजूची झबली, दुपटी, स्वेटर घड्या करून लावले. अंजूने ते सगळं लक्ष देऊन पाहिलं. आपलं सामान कुठे आहे, हे तिला आता पक्कं कळलं होतं.

*

शनिवारी सकाळी स्नेहाने ठरवलं, बोलून काही होत नाही तर दाखवायचं. अंजूचं वजन परवाच लसीच्या वेळी केलं होतं : दहा किलो शंभर. स्वयंपाकघरात दहा किलोची आट्याची पिशवी होती. तिने पलंग ओढून कपाटासमोर आणला, म्हणजे पडलं तर त्याच्यावर अडेल. मोबाइल खिडकीत टेकवून व्हिडिओ चालू केला. समर्थसरांना पाठवायचा होता.

“आई, अंजूला घेऊन दारात बसा. आत येऊ देऊ नका.”

धोंडाबाई मेथी निवडत होत्या. परात तशीच बाजूला सारून त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या, सिनेमाला बसावं तशा.

स्नेहाने खालचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि त्याच्यात आट्याची पिशवी ठेवली. हात काढला.

काही झालं नाही. कपाट जागचं हललंसुद्धा नाही. अंजूने टाळ्या वाजवल्या.

“झालं समाधान?” धोंडाबाई म्हणाल्या.

स्नेहाने पिशवी उचलली, पुन्हा आपटून ठेवली. काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर जिवाचा आटापिटा केला, आणि आता हे निर्जीव कपाटसुद्धा सगळ्यांच्या बाजूने झालं होतं. समर्थसरांचा हसरा चेहरा तिला दिसला. खरंच आपलं डोकं फिरलंय का, हा विचारही पहिल्यांदा मनात आला, आणि तो सगळ्यात वाईट होता. ती मोबाइल बंद करायला वळली.

“थांब,” धोंडाबाई म्हणाल्या. त्या पुढे वाकून कपाटाकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. “पोर एकच खण कधी उघडतं का गं? मी तीन वाढवलेत. एक उघडलं की त्यातलं सगळं फेकतं, मग दुसरं, मग तिसरं. मग त्याच्यावर पाय देतं. सगळे उघड बघू.”

स्नेहाने सगळे खण उघडले. सहाच्या सहा, लोण्यातून निघाल्यासारखे, पायऱ्यांसारखे एकाहून एक थोडे आत. खालच्या खणातली पिशवी काढून, पोर पाय देतं तशी, दुसऱ्या खणाच्या कडेवर टेकवली आणि अजून हात पुरता काढलाही नव्हता, तोच कपाट आलं.

ते पडलं असं म्हणता येणार नाही. मोठं माणूस वाकून नमस्कार करतं तसं ते पुढे झुकलं, आणि मग एकदम सगळं वजन घेऊन पलंगाच्या कडेवर आदळलं. पलंग फूटभर सरकला. वरचा खण निसटून फरशीवर पडला आणि फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. आट्याची पिशवी दोन फळ्यांच्या मध्ये सापडून फाटली होती. पांढरा आटा हळूहळू खाली सांडत होता.

अंजू आजीच्या छातीला चिकटली होती, आणि धोंडाबाईंनी तिला इतकं आवळून धरलं होतं, की ती कुरकुरायला लागली.

वर चपलांचा आवाज झाला, मग जिन्यात. घरमालक येत होते.

“शेजारच्या केबलवाल्याकडं ड्रिल आहे,” धोंडाबाई उठत म्हणाल्या. “घेऊन ये. एक खिळा मी मिळवला होता, दोन अजून मिळवते.” आणि अंजूला स्नेहाच्या हातात देऊन, पदर खोचून त्या दाराकडे गेल्या.

*

व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच झाल्या. उत्तर तासाभराने आलं : ‘बापरे. अंजली ठीक आहे ना? तुमचं कपाट भिंतीला लावून घ्या, खर्च मी देतो. व्हिडिओ प्लीज कुठे टाकू नका.’ शेवटी जोडलेले दोन हात.

“आणि बाकीची अकरा, सर?” तिने फोन करून विचारलं.

“मॅडम, सहाही ड्रॉवर उघडे ठेवून कोण ठेवतं? दसरा होऊ दे. मग बसून बोलू. बुकिंग झालंय सगळं.”

दोन दिवसांनी पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर जयराममिस्त्री. स्नेहाने उभ्या उभ्या चाळली. जयराम डेन्मार्कला गेले नव्हते, पण ‘डॅनिश परंपरेत घडले’ होते. ओल्सेनसाहेब ‘सहप्रवासी’ झाले होते. आणि पाचव्या वेळी पाठवताना तिने सिन्नरवर लिहिलेल्या दोन परिच्छेदांच्या जागी एक ओळ होती : ‘१९९१ मध्ये या मॉडेलने काही काळ विश्रांती घेतली.’

विश्रांती. तिने ती ओळ तीनदा वाचली. खाली लेखन म्हणून तिचं नाव होतं. आपल्या नावाखाली एवढं स्वच्छ खोटं तिने पहिल्यांदाच पाहिलं. एम. ए.ला सर सांगायचे, कागद काय म्हणतो त्यापेक्षा तो काय गाळतो ते बघा. सर, गाळणारी मीच निघाले, असं त्यांना कधीतरी भेटून सांगावं लागणार होतं.

अंजूला धोंडाबाईंकडे ठेवून ती पेठ रोडला गेली. दसऱ्याला चार दिवस होते. अकरा कपाटं पॉलिश होऊन ओळीने उभी होती, प्रत्येकाच्या वर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. इंदिरानगर, सातपूर, एक पार मालेगावचं. फकिराबाबा शेवटच्या कपाटाला कापूस फिरवत होते. तिने काही न बोलता मोबाइलवर तो पाचवा फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला.

म्हाताऱ्याने हात बंडीला पुसले, मोबाइल घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. तिने दोन बोटांनी मोठा करून दाखवला. पितळी पट्ट्या, भोकं, एका पट्टीत अजून अडकलेला जुना स्क्रू.

“पन्नास वर्सं झाली,” ते म्हणाले. “ह्याची पाठ कशी असंल, म्हणून मिस्त्री अन् मी किती भांडलो. ते म्हणायचे, प्लायच असंल. मी म्हणायचो, नुसता प्लाय नसंल, कायतरी असंल.” त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, पडदा सरकला, ते दचकले. “मिस्त्रींना बघायला पायजे होतं हे. पान फाडायची गरज नव्हती. दोन पट्ट्या लावायच्या होत्या नुसत्या.”

“लावाल का आता?”

“मालक काय म्हनला?”

“दसऱ्यानंतर बोलू म्हणाले.”

फकिराबाबांनी कापूस खाली ठेवला. “मागची बाजू आम्ही आमच्याच डोक्यानं बनवत आलो. तवा कुठं कुणाला इचारलं होतं,” ते म्हणाले, आणि पत्र्याचा डबा ओढून त्यातून पितळेची पट्टी शोधायला लागले.

तीन वाजेपर्यंत त्यांनी चार कपाटांना पट्ट्या बसवल्या. पण त्यांना एक गोष्ट समजत होती आणि स्नेहालाही समजत होती. पट्टी कपाटाला लागली, म्हणजे भिंतीला लागली असं नाही. टेम्पोवाले कपाट उतरवून निघून जातील. घरातल्या बाईला मागे काय आहे ते कधी दिसणारच नाही. घरमालक असेल, नवरा लक्ष ठेवू म्हणेल.

“चिठ्ठी ठेवली तर?” स्नेहा म्हणाली.

“काढून टाकत्यात. चिठ्ठ्या सगळ्या काढूनच देत्यात शोरूमात.”

स्नेहाने पहिल्या कपाटाचा वरचा खण ओढला. कोरी, गुळगुळीत फळी. मिस्त्री लिहायचे ते खालच्या बाजूला, कोणाला दिसू नये असं. पण पहिल्या दिवशी घरातली बाई घड्या घालून कपडे ठेवायला वरचा खण उघडणारच, आणि आत बघणारच. समर्थसर पुस्तिकेतून ओळ काढू शकत होते, पण खणातली काढायची तर रंधा मारावा लागला असता, तोही फकिराबाबांनीच.

“पेन्सिल द्या, बाबा.”

त्यांनी कानामागची काढून दिली. ती जमिनीवर बसली, खण मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘हे कपाट भिंतीला स्क्रूने लावल्याशिवाय मुलाला या खोलीत सोडू नका. १९९१ साली सिन्नरला हे एका मुलीवर पडलं होतं.’ लाकडावर पेन्सिल कागदासारखी चालत नाही, रेषांमध्ये अडकते. हात दुखत होता. तरी गेल्या दोन महिन्यांत ओल्सेन फर्निचरच्या इतिहासात एवढ्या दोनच ओळी अशा होत्या, ज्यांच्यात फील नव्हता.

ती सातव्या खणावर होती तेव्हा मोबाइल वाजला. भुशात ठेवलेला, पडद्यावर नाव : समर्थ सर. कोणीतरी सांगितलं असेल, किंवा दसऱ्याचंच काही असेल. तिने पेन्सिल थांबवली. हे काम जाणार, हे तिला त्या नावातच दिसलं. भूषण आज संध्याकाळी काय म्हणेल तेही दिसलं. आणि अजून चार खण बाकी होते.

“उचला, नायतर नका उचलू, ते तुमचं तुम्ही बघा,” फकिराबाबा पाचव्या कपाटाच्या मागून म्हणाले. “पण त्या खणाखाली नाव आन् तारीख टाका आधी. तेवढ्याशिवाय माल बाहेर जात नाय हिथून.”

तिने खण उलटा केला. मोबाइल वाजत राहिला. तिने नाव लिहिलं, मग तारीख, मग चिठ्ठीवर बघून गाव, आणि पुढच्या खणाला हात घातला.